आधी जेवण, मग टेकडी, मोबाईल सगळ्यात शेवटी

ताई, तुमचा प्रश्न लांबलचक होता, म्हणून आधी तो थोडक्यात मांडते. इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही कोथरूडला राहता. मुलगी सोळा वर्षांची, अकरावी सायन्सला, सोबत नीटचा क्लास. दिवाळीनंतर तिनं ‘हेल्दी’ खायला सुरुवात केली. आधी गोड सुटलं, मग मैदा, मग भात. आता सकाळी ॲपल सायडर व्हिनेगर घातलेलं कोमट पाणी, दुपारी एक मुगाचं धिरडं, संध्याकाळी सातच्या आत एक फुलका, तोही ओट्यावरच्या काट्यावर तोलून. रोज पहाटे टेकडी, आणि रात्री दहा हजार पावलं भरली नसतील तर हॉलमध्ये फेऱ्या. पाच महिन्यांत ५८ किलोची ५० झाली. दोन महिने पाळी आलेली नाही. डॉक्टरांनी उंची-वजन बघून ‘नॉर्मल आहे’ म्हणून सांगितलं. नातेवाईक ‘काय छान बारीक झालीस’ म्हणतात. रविवारी ती धाकट्या भावासाठी ब्राउनी करते, सगळ्यांना आग्रह करून वाढते आणि स्वतः चमचासुद्धा चाटत नाही. तुम्ही विचारलंय की ही चांगली सवय समजायची की आजार, मोबाईल काढून घ्यावा का, आणि टेकडी बंद करावी का.

मी आहारतज्ज्ञ आहे, पुण्यातच बरीच वर्षं काम करते, आणि अशा मुली-मुलांचे आईबाप आता जवळजवळ दर आठवड्याला येतात. तुम्ही पहिला प्रश्न असा विचारलाय की जणू सवय किंवा आजार यातलं एकच काहीतरी असणार. माझ्या अनुभवात गोष्ट बहुतेक वेळा सवयीतूनच सुरू होते आणि मग भुकेच्या जोरावर पुढे सरकते. तुमची मुलगी त्या पुढच्या टप्प्यावर आहे असं मला वाटतं. घाबरून जाऊ नका, पण परीक्षा होईपर्यंत थांबूही नका. हे याच आठवड्यात हातात घ्यायचं काम आहे.

मी तिला पाहिलेलं नाही, त्यामुळे काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. वजन कमी होण्याला इतर कारणं असतात. थायरॉईड, टाइप १ मधुमेह, सीलिॲक (गहू न सोसण्याचा आजार) आणि आपल्याकडे क्षयरोग, हे सगळं डॉक्टरांनी आधी बघायला हवं. पाळी पीसीओडीमुळेही, म्हणजे बीजाशयाच्या संप्रेरकांच्या तक्रारीमुळेही, चुकते. त्यातून एक वेगळाच गुंता होतो: मुलीला ‘वजन कमी कर, पाळी नियमित होईल’ असं कुणीतरी सांगतं, ती मनावर घेते, इतकं घेते की मग कमी खाण्यामुळेच पाळी थांबते. तुमच्या मुलीला असा सल्ला कधी मिळाला होता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मिळाला असेल तर पुढच्या डॉक्टरांना ते जरूर सांगा. पण तपासण्या चालू असताना जेवणाचं काम थांबवायची गरज नाही. दोन्ही एकदम चालू शकतं.

आता ‘वजन नॉर्मल आहे’ याबद्दल. तुमच्या डॉक्टरांनी बहुधा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन सांगणारा आकडा, काढला असेल. उंची तुम्ही पाच फूट तीन इंच लिहिली आहे, म्हणजे १६० सेंटिमीटर. ५० किलोला तो साडेएकोणीस येतो आणि तक्त्यात तो आकडा बरा दिसतो. पण हे गणित केटले नावाच्या बेल्जियन गणितज्ञानं १८३० च्या दशकात मांडलं ते मोठ्या लोकसमूहांची सरासरी समजावी म्हणून. समोर बसलेल्या एका मुलीची पाच महिन्यांतली उतरण त्यातून दिसत नाही. वाढत्या वयात आम्ही वाढीचा आलेख बघतो. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे आलेख पाच ते अठरा वर्षांच्या मुलामुलींसाठी आहेत आणि कुठल्याही बालरोगतज्ज्ञाकडे मिळतात. शाळेच्या आरोग्य तपासणीची जुनी कार्डं, लसीकरणाची फाईल, जे सापडेल ते शोधा. मुलगी लहानपणापासून ज्या रेषेच्या आसपास वाढत आली, ती रेष सोडून ती झपाट्यानं खाली आली असेल, तर ती कुठल्या आकड्यावर येऊन थांबली याला फारसा अर्थ नाही. तिचं शरीर ५८ किलोला निरोगी होतं आणि आता ५० ला पाळी बंद पडली आहे, तर शरीरानं आपलं मत सांगून टाकलं आहे. दिसायला अजिबात हाडकुळी नसलेली मुलगीसुद्धा उपासमारीनं गंभीर आजारी असू शकते, हे मी मुद्दाम ठासून लिहिते, कारण ‘इतकी काही बारीक नाही झाली’ या वाक्यावर महिने वाया गेलेले मी पाहिले आहेत.

पाळी का थांबते, हे मुलींना समजावून सांगितलं की त्यांच्या डोळ्यांत पहिल्यांदा शंका दिसते. पगार निम्मा झाला की घरात आधी हौसमौज बंद होते आणि दूध-किराणा चालू राहतं, तसंच शरीर करतं. ऊर्जा कमी पडली की मेंदू पाळीचे संदेश देणं थांबवतो, केसांवरचा खर्च थांबवतो, हातपाय गार पडू देतो, नाडी मंद करतो. मेंदू, हृदय, श्वास चालू राहावेत म्हणून केलेली ही काटकसर आहे. यातली सगळ्यात महाग काटकसर हाडांची. मुलींच्या हाडांचा बहुतेक साठा अठरा-वीस वर्षांपर्यंत भरतो. नेमक्या त्या काळात इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी पडलं तर राहिलेली तूट पुढे पूर्ण भरून निघेलच असं नाही. खेळाडूंमध्ये हा प्रकार इतका दिसतो की आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ मध्ये त्यावर स्वतंत्र निवेदन काढलं, आणि त्यात मुलींबरोबर मुलग्यांचाही विचार केला.

आता ब्राउनीकडे येते, कारण तुमच्या सगळ्या पत्रात मला तीच गोष्ट सगळ्यात बोलकी वाटली.

दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या संशोधकानं छत्तीस निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. युद्धानंतर उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसं खाऊ घालायचं, हे त्यांना शोधायचं होतं. हे तरुण युद्धात लढायला नकार देणारे आणि स्वतःहून पुढे आलेले होते. त्यांना चोवीस आठवडे रोज साधारण १,६०० किलोकॅलरी दिल्या आणि भरपूर चालायला लावलं. वजन सुमारे पाव हिश्श्यानं उतरलं. पण लक्षात राहतं ते त्यांच्या मनाचं. ही माणसं दिवसभर खाण्याबद्दल बोलू लागली, पाककृतींची पुस्तकं जमवू लागली, एकेक घास चघळत जेवण तासभर लांबवू लागली. चिडचिडी झाली, मित्रांपासून तुटली, अभ्यासात लक्ष लागेना. भरपूर खायला मिळायला लागल्यावरही कित्येकांना बराच काळ पोट भरल्याचं समाधान मिळत नव्हतं. त्यांनी इन्स्टाग्राम पाहिलेलं नव्हतं आणि बारीक व्हायची त्यांना हौसही नव्हती. हे सगळं नुसत्या भुकेनं झालं.

म्हणून तुमची मुलगी रात्री साडेअकराला अंथरुणात चीज ओढल्यावर तार निघणारे पिझ्झ्याचे व्हिडिओ बघत बसते, भावाला ब्राउनी खायला घालते, आणि तो खाताना त्याच्या तोंडाकडे बघत राहते, हे तुम्ही लिहिलंय ना, त्यात मला नाटक किंवा हट्ट दिसत नाही. भुकेलेलं शरीर अन्नाभोवती घिरट्या घालतंय. तुम्ही ‘फार हट्टी झालीये, समजावून सांगितलेलं डोक्यात शिरतच नाही’ असंही लिहिलंय. उपाशी मेंदूत ते शिरणं खरंच अवघड असतं. विचार ताठर होतात, एकाच नियमाभोवती फिरतात. आधी समजूत पटेल आणि मग ती खाईल, या आशेवर आईबाप थांबतात. मला क्रम उलटा दिसत आलाय. काही आठवडे नीट पोटात गेलं की तीच मुलगी बोलायला लागते, हसते, वाद घालते, आणि मग समुपदेशनाचाही उपयोग होतो.

आता तो आकडा. या मुलींच्या तोंडी १,२०० किलोकॅलरी हा आकडा ठरलेला असतो. कुठल्याशा ताईनं व्हिडिओत सांगितलेला असतो. पन्नास किलोच्या सोळा वर्षांच्या मुलीचं शरीर दिवसभर नुसतं पडून राहिलं तरी साधारण १,३०० ते १,४०० किलोकॅलरी खर्च करतं. उठणं, क्लासला जाणं, अभ्यास, वाढ, हे सगळं वर. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत सोळा ते अठरा वयाच्या मुलींसाठी रोजची गरज सुमारे २,५०० किलोकॅलरी धरली आहे. बैठं काम करणाऱ्या मोठ्या बाईसाठी तीच १,६६० आहे. म्हणजे तुमच्या मुलीला तुमच्यापेक्षा जास्त जेवण लागतं. आई-मुलीनं एकच ताट, एकच डाएट करायचं, हे मला खूप घरांत दिसतं आणि ते मुलीला परवडत नाही.

हे आकडे मी तुमच्यासाठी लिहिले आहेत. तिच्यासमोर नवा आकडा ठेवू नका. आकड्यांत अडकलेल्या मुलीला मोठा आकडा दिला तर ती आता तो मोजत बसते. माझ्याकडे आलेल्या एका मुलीला मी विचारलं, ‘काल पहिल्यांदा भूक कधी लागली?’ ती म्हणाली, ‘अकराला. पण माझी विंडो एकला उघडते.’ विंडो म्हणजे दिवसातले खायला मुभा असलेले ठरावीक तास. मधल्या दोन तासांत काय केलंस, तर म्हणाली पाणी पीत घड्याळ बघत होते, फिजिक्सचं एक पान चार वेळा वाचलं. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या पन्नाशीच्या गृहस्थाला खाण्याची वेळ आवळणं कदाचित उपयोगी पडत असेल. व्हिडिओला मात्र समोर कोण बसलंय हे ठाऊक नसतं, तो दोघांनाही तेच सांगतो.

यावरून तुमच्या घराबद्दल थोडं बोलते, राग मानू नका. तुम्ही लिहिलंय की तिचे बाबा शुगर वाढल्यामुळे भात कमी करतायत आणि जेवताना ‘भात म्हणजे साखरच’ असं म्हणतात. त्यांच्या ताटापुरतं ते बरोबर असेल. पण सोळा वर्षांची मुलगी ते स्वतःच्या ताटाबद्दल ऐकते. आपल्याकडे कुणी महिन्यानं भेटलं की पहिलं वाक्य शरीरावरच असतं: वाळलीस, सुटलीस, गालफडं बसली, अंग धरलंस. बोलणाऱ्याच्या मनात माया असते. पण मुलीला एवढंच कळतं की भेटणारा प्रत्येक माणूस आपलं अंग मोजतो. मोबाईल तेच दिवसभर सांगत असतो. मग घर आणि मोबाईल यांचं एकमत आहे असं तिला वाटलं तर तिचं काय चुकलं?

म्हणून पहिला बदल मोठ्यांचा. महिनाभर घरात कुणाच्याही शरीरावर बोलायचं नाही, स्वतःच्याही नाही. आरशासमोर उभं राहून ‘माझं पोट बघ कसं सुटलंय’ हेही नाही. बाबांनी भात न घेता गुपचूप जेवावं, प्रवचन नको. मावशी ‘छान बारीक झालीस’ म्हणाली तर तुम्ही लगेच, मुलीसमोर, साध्या आवाजात म्हणा: ‘आमच्याकडे आता वजनावर बोलणं बंद केलंय. तिचा बायोचा प्रोजेक्ट छान झालाय, तो बघ.’ मावशीला थोडं लागेल. लागू दे. काळजीपोटी ‘किती भयंकर दिसतेस, हाडं दिसतायत’ असंही म्हणू नका. जिला बारीक व्हायचं आहे तिला ती शाबासकी वाटते.

आता जेवण. सोळा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत मी सहसा जेवणाची जबाबदारी काही काळ आईबापांकडे परत देते. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात १९८० च्या दशकात या पद्धतीची सुरुवात झाली आणि किशोरवयीन मुलांच्या खाण्याच्या विकारांत तिला आज संशोधनाचा सगळ्यात चांगला आधार आहे. कारण कुणाचं, दोष कुणाचा, हे शोधत बसायचं नाही. ताप आलेल्या मुलाला औषध घ्यायचं की नाही हे आपण त्याच्यावर सोडत नाही, इतक्याच सहजपणे काय आणि किती हे मोठ्यांनी ठरवायचं आणि शेजारी बसून खायचं.

दिवसातून तीन जेवणं आणि दोन-तीन मधली खाणी. नेहमीचंच घरचं: सकाळी पोहे, उपमा किंवा थालीपीठ लोण्यासोबत, डब्यात दोन-तीन पोळ्या, भाजी, उसळ, दुपारी क्लासला जाताना शेंगदाण्याचा लाडू आणि केळं, रात्री वरण-भात-तूप, भाजी, दही. काटा ओट्यावरून आणि बाथरूममधूनही उचलून कपाटात ठेवा. वाढायचं तुम्ही. पोळीला तूप लागलंय की नाही हे बघायला ती स्वयंपाकघरात घुटमळेल, तेव्हा तिला प्रेमानं बाहेर काढा. ताटावर घासाघीस करू नका. ‘अर्धी पोळी तरी खा’ म्हटलं की सौदा सुरू होतो आणि सौद्यात आजारच जिंकतो. ‘हे तुझं जेवण आहे, मी इथेच बसलेय, घाई नाही’ एवढंच म्हणा आणि दुसरं काहीतरी बोला. रडारड होईल. ताट सरकवेल, तुम्हाला लागेल असं बोलेल. ते ऐकून घ्यायला दोघांनी पाळ्या लावा, कारण एकट्या आईच्या अंगावर हे पडलं तर ती पंधरा दिवसांत मोडते. इथे बाबांचं काम सुरू होतं.

एक सावधगिरी. तिचं खाणं बरेच दिवस अगदीच नाममात्र असेल किंवा चक्कर, अशक्तपणा खूप असेल, तर एकदम भरपूर खाऊ घालायला सुरुवात करू नका. फार उपाशी शरीरात अचानक अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फेट घसरू शकतं आणि ते धोक्याचं असतं. आधी डॉक्टर, रक्त, मग वाढवत नेणं.

उपासांचंही विचारलंत. कधी देवापुढे हात न जोडणारी मुलगी अचानक संकष्टी, एकादशी आणि शनिवार धरते, हे मी वारंवार बघते. उपासाला घरात कुणी आडकाठी करत नाही, म्हणून ती वाट सापडलेली असते. आजीला मध्ये घ्या. आजारी माणसाला आणि लहान मुलाला उपासातून सूट देण्याची रीत आपल्याकडे आहेच; आजीच्या तोंडून ‘बरी होईपर्यंत तुझा उपास मी धरते’ हे आलं तर त्याचं वजन माझ्या सल्ल्यापेक्षा जास्त पडतं.

टेकडी. मला वेताळ टेकडी अतिशय प्रिय आहे आणि मुलांनी घराबाहेर पडून धापा टाकाव्यात यासाठी मी एरवी भांडत असते. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी साठ मिनिटं हालचाल सांगते, आणि आपली क्लासला जुंपलेली बहुतेक मुलं त्याच्या जवळपासही नसतात. तरीही तुमच्या मुलीची टेकडी सध्या बंद. पाळी थांबलेली असताना आणि वजन उतरत असताना रोजची चढण म्हणजे कमी पगारात आणखी एक हप्ता. रात्रीच्या हॉलमधल्या फेऱ्याही बंद. पावलं मोजणारं घड्याळ तुमच्याकडे जमा.

व्यायाम तब्येतीसाठी चाललाय की धाकापोटी, हे ओळखायला मी एकच गोष्ट बघते: एक दिवस चुकला तर काय होतं. पाऊस आला, ताप आला, पाहुणे आले, आणि मुलगी ‘जाऊ दे, उद्या’ म्हणून लोळत पडली, तर मला काळजी नाही. तीच जर ताप असताना छत्री घेऊन निघाली, किंवा टेकडी चुकली म्हणून रात्रीचा फुलका सोडला, तर काळजी आहे. खाण्यालाही हेच लागू. गुळपोळीच्या दिवशी गुळपोळी खाऊन दुसऱ्या दिवशी विसरून जाता येतं का? तुम्ही लिहिलंय की मामाच्या मुलाच्या मुंजीला ती घरूनच डबा घेऊन गेली आणि पंगतीत न बसता गाडीत बसून जेवली. माझ्या दृष्टीनं हे वजनाच्या आकड्याइतकंच गंभीर आहे.

इथे मुलग्यांच्या आईवडिलांसाठीही लिहिते, कारण त्यांच्याकडे लक्षच जात नाही. सतरा वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आणला तो बद्धकोष्ठाची तक्रार म्हणून. दिवसाला दहा अंड्यांचा पांढरा भाग, उकडलेलं चिकन, तीन स्कूप पावडर, मीठ तोडलेलं, कारण ‘कटिंग’, म्हणजे स्नायू उठून दिसावेत म्हणून चरबी उतरवणं, चालू होतं. बहिणीच्या साखरपुड्याला गेला नाही, तिथलं जेवण तोलता येणार नव्हतं म्हणून. घरचे कौतुकानं सांगत होते की काय शिस्त आहे. त्याला आरशात स्वतःचे दंड काडीसारखे दिसत होते आणि समोर मला एक पिळदार, दमलेला मुलगा दिसत होता. पुण्यातल्या जुन्या तालमींत मेहनत आणि खुराक हे शब्द जोडीनं यायचे. दूध, बदाम, तूप, थंडाई पोटात गेल्याशिवाय वस्ताद जोर-बैठका वाढवू देत नसत. खाणं तोडून मेहनत वाढवायची ही नवी रीत मला अजिबात पटत नाही.

मग मोबाईल. फेसबुकची अंतर्गत कागदपत्रं २०२१ मध्ये फ्रान्सिस हॉगन या त्यांच्याच माजी कर्मचारी बाईंनी बाहेर आणली, त्यात एक नोंद होती: ज्या किशोरवयीन मुलींना आपल्या शरीराबद्दल वाईट वाटत होतं, त्यातल्या ३२ टक्के मुलींनी सांगितलं की इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाईट वाटतं. उरलेल्यांपैकी कित्येकींना फरक पडत नव्हता, काहींना बरंही वाटत होतं. म्हणजे मोबाईल सगळ्यांना सारखाच बाधत नाही. ज्या मुलीचं मन आधीच तिथे दुखरं आहे तिला जास्त बाधतो. आणि तिच्या दुखऱ्या जागेचा पत्ता त्याला लागतो, कारण बोट कुठे थांबलं, कुठला व्हिडिओ पूर्ण पाहिला, यावरच पुढचा व्हिडिओ ठरतो. उपाशी मुलगी खाण्याच्या व्हिडिओवर थांबणारच. मग ‘दिवसभरात मी काय खाते’, मग ‘पंधरा दिवसांत पोट सपाट’, असं एकामागून एक येत राहतं. ती मुद्दाम शोधतेय असं समजू नका.

तरी आज मोबाईल हिसकावू नका. एक तर जेवणावरून घरात ताण येणारच आहे, त्यात दुसरी लढाई नको. शिवाय तिच्या मैत्रिणी तिथेच आहेत आणि ती आधीच एकटी पडलीये. जेवण थोडं मार्गी लागलं की एखाद्या संध्याकाळी तिच्या शेजारी बसा आणि म्हणा, ‘तुला काय काय दाखवतं ते मला दाखव.’ टीका न करता बघा. मग दोघींनी मिळून नको त्या व्हिडिओवर ‘नॉट इंटरेस्टेड’ दाबा, पाहिलेल्याचा इतिहास पुसा, कॅलरी मोजणारं ॲप काढा, आणि तिला एरवी आवडणारं, चित्रं, मांजरं, क्रिकेट, काहीही, मुद्दाम शोधून बघा. काही दिवसांत समोर येणारं बदलायला लागतं. एकाच बाईचे सकाळचे आणि रात्रीचे, श्वास आत ओढलेले आणि सोडलेले फोटो शेजारी ठेवून बघा. प्रकाश आणि कोन बदलला की पोट कसं ‘जातं’ ते मुलींना लगेच कळतं आणि गंमतही वाटते. रात्री मोबाईल सगळ्यांचेच, तुमचेही, हॉलमध्ये चार्जिंगला. याला एकच अपवाद: उपाशी राहायच्या किंवा उलटी काढायच्या युक्त्या देणारे गट किंवा स्वतःला इजा करण्याबद्दलचं काही दिसलं, तर तिथे परवानगी विचारत बसू नका, लगेच मध्ये पडा.

डॉक्टरांकडे जाताना नुसतं ‘जेवत नाही’ म्हणू नका. किती महिन्यांत किती किलो, शेवटची पाळी कधी, रोज किती चालणं, हे कागदावर लिहून न्या. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी तिची नाडी पूर्ण मिनिटभर मोजा. ५० च्या खाली असेल, उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, बेशुद्ध पडली असेल, छातीत धडधड होत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय. जेवणानंतर लगेच बाथरूमला जाणं, गालांजवळ सूज, बोटांच्या पेरांवर वळ, जुलाबाच्या गोळ्या सापडणं, हे दिसलं तरी थांबू नका. उलट्या-जुलाबांनी पोटॅशियम घसरतं आणि त्याचा परिणाम हृदयावर होतो. हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी१२, डी, थायरॉईड, साखर, क्षार आणि ईसीजी एवढं करून घ्या. रिपोर्ट सगळे चांगले आले तरी जेवणाचा क्रम तसाच चालू ठेवा. शरीर रक्तातले आकडे बराच काळ सांभाळून धरतं.

बालरोगतज्ज्ञ, खाण्याच्या विकारांवर काम केलेला मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ, असे तिघं एकमेकांशी बोलणारे असले तर उत्तम. जो आहारतज्ज्ञ तिला पहिल्याच दिवशी काट्यावर उभं करून आकडा मोठ्यानं वाचेल, त्याच्याकडून उठून या. कुठे जावं हे सुचत नसेल किंवा मध्यरात्री घरात रडारड चालली असेल, तर केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

शेवटी तुम्ही लिहिलंय की तिला यंदा ढोल-ताशा पथकात जायचंय आणि तुम्ही नाही म्हणालात. माझं म्हणणं, इतक्यात नाही म्हणू नका. कमरेला ढोल बांधून तासनतास उभं राहायला अंगात बळ लागतं आणि हे तिला माझ्यापेक्षा पथकातल्या मुली जास्त चांगलं सांगतील. तिला सांगा की डॉक्टरांनी नाडी आणि वजनाला हिरवा कंदील दिला, पाळी परत सुरू झाली आणि सरावाला निघण्याआधी व नंतर काहीतरी पोटात गेलं, तर जायचं. सराव पावसाळ्यात सुरू होतो, हातात अजून काही आठवडे आहेत. दरम्यान पुढच्या सोमवारची डॉक्टरांची वेळ आजच घ्या, आणि पहिल्या भेटीला बाबांनाही सुट्टी काढायला सांगा.